काळं कुठं भरायचं?

वाचकांचे प्रश्न : कॉमिकची शाई आणि कॉमिक कॉनचं टेबल

दुसऱ्यानं पेन्सिलनं काढलेल्या कॉमिकच्या पानांवर शाई चढवणं, म्हणजे इंकिंग, हा माझा धंदा. कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिकवाल्यांच्या जत्रेत, विक्रीचं टेबल लावणं हा जोडधंदा. या दोन्हींबद्दल आलेल्या पत्रांतली काही निवडून उत्तरं देतेय. ‘मार्वलमध्ये नोकरी कशी मिळेल?’ एवढंच ज्यांनी विचारलंय, त्यांनी निदान पहिलं उत्तर वाचावं.

ताई, मी इंकिंग शिकतोय. बाबा म्हणतात, दुसऱ्याचं चित्र गिरवायचं, त्यात कला कसली? त्यांना काय सांगू?
— बी.एफ.ए. दुसरं वर्ष, कोल्हापूर

काही सांगू नकोस. दाखव.

जॅक कर्बी हा साठच्या दशकातला मार्वलचा मुख्य चित्रकार. तो पेन्सिल करायचा, शाई दुसरे करायचे. ‘फॅन्टास्टिक फोर’च्या ४४व्या अंकापासून, म्हणजे १९६५च्या अखेरीपासून, त्याच्या पानांवर जो सिनॉट नियमित बसला. सिनॉटची रेषा तुकतुकीत, भरदार. त्यानं शाई केलेलं यंत्र खरंच धातूचं वाटतं. त्याच काळात ‘थॉर’वर विन्स कोलेटा होता. त्याची रेषा निबची, बारीक, केसाळ. वेळेत पान द्यायचं म्हणून तो मागची माणसं खोडून टाकायचा किंवा नुसती काळी सावली करून मोकळा व्हायचा, आणि त्याबद्दल कर्बीचे चाहते अजून त्याला शिव्या घालतात. (मला विचारशील तर देवादिकांच्या त्या गोष्टीला ती खरखरीत रेषा शोभून दिसते. पण खोडाखोड माफ नाही.) सत्तरच्या दशकात कर्बी डीसीकडे, म्हणजे मार्वलच्या स्पर्धक कंपनीकडे, गेल्यावर माइक रॉयरनं त्याची पेन्सिल जशीच्या तशी ठेवली, तर कर्बी पुन्हा वेगळाच दिसायला लागला. नुसतं गिरवणंच असतं, तर तिघांची पानं सारखी झाली असती.

मुळातली अडचण अशी की पेन्सिलीत करडा असतो आणि शाईत नसतो. पेन्सिलवाल्यानं गालावर बोट फिरवून हलकी छटा दिली. तुझ्याकडे फक्त काळं आणि पांढरं. तिथं तिरक्या रेषा मारायच्या, पूर्ण काळं करायचं की कोरं सोडायचं? काही चित्रकार काळं भरायच्या जागी छोटी फुली मारून ठेवतात. काहीजण काहीच ठेवत नाहीत आणि वर फोनही उचलत नाहीत. मग तूच ठरवायचं. मी पान हातात आलं की आधी त्याची पोस्टकार्डाएवढी झेरॉक्स काढते आणि जाड मार्करनं त्यावर काळं भरून बघते. डोळा काळ्याच्या मागे जातो. वरच्या चौकटीतलं काळं आणि खालच्या चौकटीतलं काळं एकमेकांशी जुळलं नाही, तर कितीही देखणी रेषा मारली तरी पान विस्कटतं. नवशिके वर्षानुवर्षं रेषा घोटतात आणि काळ्याकडे बघतही नाहीत.

बाबांसाठी एक कर. एकाच पेन्सिल चित्राच्या दोन झेरॉक्स घे. एकीवर प्रकाश डावीकडच्या खिडकीतून आलाय असं धरून शाई कर, दुसरीवर खाली ठेवलेल्या कंदिलातून. दोन्ही शेजारी ठेव. पहिल्यात माणूस घरी आलेला असेल, दुसऱ्यात कुणाचा तरी खून करून आलेला.

पावसाळ्यात माझी शाई कागदावर फुटते. निब दोन दिवसांत गंजते. कोणता कागद, कोणती शाई घ्यावी? परदेशी ब्रश घ्यावाच लागतो का?
— शिक्षिका, रत्नागिरी

शाईत दोष नसावा, कागद दमट झाला असणार. कोकणात जून ते सप्टेंबर कागद उघडा ठेवायचाच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आडवा ठेवा. काम सुरू करण्याआधी टेबललँपखाली थोडा वेळ शेकू द्या. साधा ड्रॉइंग पेपर अशा हवेत टाक सोसत नाही, निबच्या टोकाला धागे अडकतात. गुळगुळीत ब्रिस्टल बोर्ड मिळाला तर उत्तम, नाहीतर चांगला जाड कार्ट्रिज कागद.

आकाराचं विचारलं नाहीत, पण सांगते. अमेरिकन कॉमिकचं मूळ पान ११ बाय १७ इंचांचं असतं, त्यात चित्राची जागा साधारण १० बाय १५. छापताना ते दोन तृतीयांशाच्या आसपास लहान होतं. म्हणून टेबलावर नाजूक दिसणारी रेषा छापल्यावर गायब होते आणि दाट मारलेल्या तिरक्या रेषांचा चिखल होतो. आपला ए-३ जवळपास त्याच मापाचा आहे, तो चालतो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ६७ टक्क्यांवर एक प्रत काढून घ्या. पुस्तकात पान कसं दिसेल ते लगेच कळतं.

नव्या निबवर तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे शाई थेंब होऊन घसरते. कोमट पाण्यानं आणि साबणानं धुवा, पुसा, मग बुडवा. निबला जे भोक असतं त्याच्या वर शाई चढू देऊ नका. काम थांबलं की, म्हणजे चहाला उठतानासुद्धा, निब पुसून कोरडी करा. दोन दिवसांत गंजतेय म्हणजे ओली राहतेय. बारीक कामाला हंटची १०२ नंबरची, जाड-बारीक हवं असेल तर जपानी जी-निब. पहिली कडक आहे, दुसरी दाबाला छान उघडते.

शाई वॉटरप्रूफच हवी. दांडेकरांनी १९३१ साली शाईच्या पावडरीपासून सुरू केलेल्या कॅमलिनची ड्रॉइंग इंक सरावाला पुरते. कुठलीही शाई घ्या, पण एक परीक्षा करा : पेन्सिलीवर काळा चौकोन भरा, पूर्ण वाळू द्या, मग खोडरबर फिरवा. काळं करडं पडलं तर ती शाई छपाईच्या पानाला नको. आणि ती शाई फाउंटन पेनमध्ये भरू नका, पेन जाईल.

ब्रशचं. सगळ्या इंकरांच्या तोंडी विन्सर अँड न्यूटनच्या सिरीज सेव्हनचं नाव असतं. कोलिन्स्की (मुंगसासारखा दिसणारा एक थंड प्रदेशातला प्राणी) केसांचा, २ किंवा ३ नंबरचा. सुंदर ब्रश आहे, महाग आहे, आणि पहिल्या वर्षी तुम्हाला नको आहे. चांगला सिंथेटिक घ्या. दुकानात पाण्याचा पेला मागा, ब्रश बुडवून एकदा झटका. टोक एकवटलं तर घ्या, फाटलं तर परत ठेवा. आणि कुणी ‘अस्सल मुंगसाचा आहे’ म्हणून हळूच काही पुढे केलं तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुंगसाच्या केसांचे ब्रश विकणं हा गुन्हा आहे. या ब्रशांपायी ती जनावरं मारली जातात.

आम्ही दोघी मैत्रिणी मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये पहिल्यांदा टेबल घेण्याच्या विचारात आहोत. काय न्यावं, काय विकावं, किंमत काय लावावी? एवढ्या गर्दीची भीती वाटते.
— डोंबिवली

सॅन डिएगोचं कॉमिक कॉन १९७० साली एका हॉटेलच्या तळघरात भरलं होतं, तीनेकशे माणसं होती. आता तिथं लाखाच्या वर लोक येतात. आपल्याकडे २०११ला दिल्लीत सुरुवात झाली, मुंबईही त्याच वर्षी. आर्टिस्ट अ‍ॅलीत (म्हणजे चित्रकारांच्या टेबलांच्या रांगेत) बसलेल्या प्रत्येकीचं पहिलं वर्ष कधीतरी होतंच.

आधी टेबलाचं माप विचारा. मग घरच्या जेवणाच्या टेबलावर चिकटपट्टीनं तेवढी जागा आखा आणि सगळं मांडून बघा. माणसं चालता चालता बघतात, खाली वाकत नाहीत. त्यामुळे चित्रं उभी हवीत, डोळ्याच्या उंचीला. तारेची जाळी आणि क्लिपा पुरतात. मागे बॅनर असेल तर नाव वरच्या भागात, कारण खालचा भाग तुमच्या डोक्यांनी झाकला जातो.

काळ्या-पांढऱ्या कामाची पंचाईत अशी की शेजारच्या टेबलावर चकचकीत रंगीत प्रिंट असतात. तुमच्याकडे येणारा पहिला प्रश्न ठरलेला : ‘रंग द्यायचे राहिलेत का?’ यावर मला सापडलेला उपाय हा. प्रत्येक मूळ पानाशेजारी त्याच पानाची पेन्सिलची झेरॉक्स लावते. काही बोलत नाही. माणूस डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, पुन्हा डावीकडे बघतो आणि थांबतो. मग तोच विचारतो, ‘हे यात नव्हतं ना? तुम्ही घातलंत?’ तिथून पुढे विक्री सोपी. पेन्सिल मैत्रिणीची आणि शाई तुमची असेल तर हे करायला तुमच्याइतकं योग्य टेबल नाही. दोघींची नावं प्रत्येक पानावर लिहा. ‘पेन्सिल’ आणि ‘इंक’ अशी वेगवेगळी.

आणि तिथं बसून काम करा. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या कलाकारासमोर कोणी उभं राहत नाही, हलणाऱ्या ब्रशासमोर मात्र कोंडाळं जमतं. पण उघडी दौत नेऊ नका. कुणाच्या तरी पाठीवरची सॅक किंवा कॉसप्लेवाल्याचा, म्हणजे पात्राचा वेश करून आलेल्याचा, पंख लागतो आणि तुमची दिवसाची कमाई काळी होते. ब्रश पेन न्या, शाईचं काडतूस बदलता येतं असं. सोबत जादा काडतुसं.

किंमत. येणारे बहुतेक कॉलेजची मुलं असतात. हातात पाचशेची नोट, आणि त्यातच वडापाव आणि परतीची लोकल. त्यांच्यासाठी टेबलावर शंभर-दोनशेचं काहीतरी असलंच पाहिजे : कार्ड, छोटी प्रिंट, स्टिकर. मूळ पानाची किंमत मात्र पाडू नका. ते दिवसभरात विकलं गेलं नाही तरी चालेल, ते लोकांना थांबवायचं काम करतं. ‘नुसत्या काळ्या-पांढऱ्याला एवढे?’ असं काका-काकू विचारतील. हसा, पेन्सिलची झेरॉक्स दाखवा. किमती मोठ्या अक्षरात लिहून लावा, विचारायला लाजणारे बरेच असतात. क्यूआर कोड छापून न्या, पण हॉलमध्ये नेटवर्क रडतं, म्हणून सुटे पैसेही हवेत. पाण्याच्या बाटल्या टेबलाखाली. एकीनं बसायचं, एकीनं हिंडायचं, ही आधीच ठरवलेली पाळी.

दुसऱ्यांची पात्रं, म्हणजे बॅटमॅन किंवा नागराज काढून विकलं तर चालतं का?
— नाशिक

कायद्यानं, मालकाच्या परवानगीशिवाय नाही. प्रत्यक्षात जगभरच्या आर्टिस्ट अ‍ॅलीत हे चालतं आणि कंपन्या बऱ्याचदा कानाडोळा करतात. कानाडोळा म्हणजे परवानगी नव्हे. आयोजकांचे नियम नीट वाचा. मी स्वतः एवढंच करते : समोर उभ्या असलेल्या माणसानं मागितलं तर एक चित्र, त्याच्यासाठी, एकदाच. त्याच्या शेकडो प्रिंट काढून विकत नाही. निम्म्याहून जास्त टेबल तुमच्या स्वतःच्या पात्रांचं असू द्या.

नागराजचं नाव निघालंच आहे म्हणून एक गोष्ट. १९८६ला राज कॉमिक्समधून आलेल्या नागराजच्या सुरुवातीच्या काळातले कितीतरी अंक पुण्याच्या प्रताप मुळीकांच्या हातचे आहेत. अमर चित्र कथेत त्यांचं आणि राम वाईरकरांचं काम आहेच. जुने अंक रद्दीत मिळाले तर घ्या आणि मजकुरावर हात ठेवून नुसतं काळं बघा.

मुलाला न्यू यॉर्क कॉमिक कॉनमध्ये वाढदिवसाची भेट म्हणून एक मूळ पान घ्यायचंय. एकाच पानाची दोन ‘मूळ’ पानं दोन टेबलांवर दिसली. फसवणूक तर नाही?
— एडिसन, न्यू जर्सी

नाही. पूर्वी पेन्सिल आणि शाई एकाच कागदावर व्हायची आणि परत मिळालेली पानं पेन्सिलवाला आणि इंकर वाटून घ्यायचे. आता बरेचदा चित्रकार पेन्सिलचं पान स्कॅन करून पाठवतो. इंकर ते फिक्या निळ्या रंगात बोर्डवर छापून घेतो आणि त्यावर शाई करतो. पुढे स्कॅनमध्ये निळा काढून टाकता येतो. त्यामुळे पेन्सिलचं मूळ पान एकाकडे, शाईचं दुसऱ्याकडे. दोन्ही खरी, दोन्ही एकेकच.

विकत घेताना सरळ विचारा : ‘हे निळ्यावर केलेलं आहे का?’ प्रामाणिक इंकर लगेच सांगतो. पान तिरकं धरून उजेडात बघा. खऱ्या शाईच्या मोठ्या काळ्या भागात ब्रशाचे फराटे दिसतात, छापलेलं काळं सपाट असतं. पांढऱ्या रंगानं केलेल्या दुरुस्त्या दिसल्या तर नाक मुरडू नका, मला तर अशी पानं जास्त आवडतात. शाईचं पान सहसा पेन्सिलच्या पानापेक्षा स्वस्त मिळतं. का, ते मला विचारू नका, माझा रक्तदाब वाढतो. तुमच्या खिशासाठी मात्र ते बरंच आहे. फ्रेम भिंतीवर लावाल तिथं थेट ऊन नको.

सगळं आता टॅबलेटवर होतं. मग टाक-दौत शिकायचीच कशाला?
— अकरावी, लातूर

नाही शिकलास तरी काम मिळेल. क्लिप स्टुडिओ या चित्रांच्या अ‍ॅपवर उत्तम इंकिंग होतं, चूक झाली तर मागे जाता येतं, पाऊस लागत नाही. काळं कुठं भरायचं हा प्रश्न तिथंही तोच आहे आणि त्याला बटण नाही. फक्त कॉमिक कॉनमध्ये टेबल लावशील तेव्हा तुझ्याकडे प्रिंट असतील, मूळ पान नसेल. ते हवं असेल तर टॅबलेटवरचं तुझंच चित्र फिक्या निळ्यात ए-३वर छापून घे आणि त्यावर शाई कर. इंकजेटवर छापू नकोस, त्यावर वॉटरप्रूफ शाईही कधीकधी पसरते. लेझरवर छाप, पण जाड कागद यंत्रातून जातो का ते दुकानदाराला आधी विचार.