येझदीचा प्लग शॉर्ट, तरी रेस चढलेलीच

प्रश्न : माझी १९८४ची येझदी २५० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. नवा प्लग ३०-४० किलोमीटरमध्ये काळा, ओला होऊन शॉर्ट होतो (ठिणगी देत नाही). दुसरीकडे, थ्रॉटल सोडला तरी रेस (इंजिनचा वेग) पटकन उतरत नाही आणि स्लो (थ्रॉटल न देता इंजिनचा संथ वेग) बसत नाही. मेकॅनिक मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) लहान टाकू म्हणतात. टाकावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कृपा करून जेटला अजून हात लावू नका. रेस चढून राहणं म्हणजे बहुधा इंजिन कुठून तरी जादा हवा खेचतंय. त्यात जेट लहान केला, तर हवा-पेट्रोलचं मिश्रण आणखी पातळ होऊन (पेट्रोल कमी पडून) पिस्टन जाम होऊ शकतो.

आधी प्लग नीट पाहा. कोरडी, पुसली जाणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमजोर. ६ व्होल्टची बॅटरी उतरलेली असली तरी असंच दिसतं. चिकट ओलावा, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि गिअर ऑइलची लेव्हल खाली, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर बहुधा क्रँकचं (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) डाव्या, म्हणजे क्लचच्या बाजूचं रबरी सील गेलंय. तिथून गिअर ऑइल इंजिनात ओढलं जातं. उजव्या, डायनॅमोच्या बाजूचं सील कडक झालं की तिथून हवा शिरते. दोन्ही सीलं एकाच वयाची असतात, म्हणून तुमच्या दोन्ही तक्रारी एकत्र येऊ शकतात.

पण इंजिन खोलण्याआधी कार्ब्युरेटरचा जोड तपासा. गाडी स्लोवर ठेवून फ्लँजच्या (कार्ब्युरेटर इंजिनला जोडणाऱ्या पट्टीच्या) सांध्याभोवती घट्ट ग्रीस लावा. रेस उतरली तर गळती तिथेच आहे. नट जास्त आवळल्याने फ्लँज वाकतो. सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर फ्लँज घासा आणि पॅकिंग नवं घाला. पेट्रोल शिंपडून तपासू नका. उजव्या कव्हरमध्ये पॉइंट (इग्निशनचा प्रवाह तोडणारे संपर्क) असतात, तिथे ठिणगी पडते. त्यामुळे त्या बाजूला कुठलाही स्प्रे नकोच.

ग्रीसने फरक पडला नाही तर प्रेशर टेस्ट (इंजिनात हवा भरून गळती शोधणं) करून घ्या. दोन्ही एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याची तोंडं) रबराने बंद करा, प्लग जागेवर ठेवा, पिस्टन वर आणा म्हणजे इनटेक पोर्ट (मिश्रण आत येण्याचं तोंड) उघडा राहतो, आणि इनटेकवर पट्टी बसवून तिच्यातून ५-६ पीएसआय हवा भरा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर गळती नक्की. सिलिंडरचं खालचं पॅकिंग आणि इंजिनच्या खालच्या केसचा जोड यांवर साबणाचं पाणी लावा. तिथे बुडबुडे नसतील तर बहुधा सीलंच. बदलायची तर दोन्ही एकदम बदला.

हे झाल्यावरच प्लग वाचा, म्हणजे त्याच्या रंगावरून मिश्रण ओळखा. आधी प्लगचा गॅप ०.६ मिमी, पॉइंटचा ०.४ मिमी ठेवा. दोन-तीन किलोमीटर एकसारख्या थ्रॉटलवर चालवा, क्लच दाबून तिथेच इग्निशन बंद करा आणि प्लग काढा. विटकरी-तपकिरी रंग हवा. स्लोवर उभ्या गाडीचा प्लग नेहमीच काळपट दिसतो, त्यावरून जेट ठरवू नका.

प्रश्न : प्लग शॉर्ट होतो म्हणून टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक ऑइल) कमी करू का?

उत्तर : नको. पेट्रोलच्या लिटरला ३० ते ४० मिली ठेवाच. क्रँकच्या बेअरिंगला दुसरं वंगण मिळत नाही.