काळ्या जहाजाला राक्षसाचं तोंड का? पेरीच्या गुंडाळीचित्रांबद्दल

तुमचा प्रश्न वाचला. मुलीच्या प्रोजेक्टसाठी कमोडोर पेरीच्या (जपानने बंदरं उघडावीत म्हणून 1853 मध्ये जहाजं घेऊन आलेला अमेरिकन नौदलाचा अधिकारी) जहाजांची जपानी चित्रं शोधताना एकात जहाजाला राक्षसासारखं तोंड दिसलं आणि दुसऱ्या एका लांबलचक चित्रात तेच जहाज नकाशासारखं, बाजूला मापं लिहिलेलं, मग यातलं खरं कुठलं आणि चित्रकाराने जहाज बघून काढलं की ऐकून, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं योकोहामाच्या बाजूला राहतोय आणि हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी थेट सांगतो, दोन्ही चित्रं त्याच काळातली आहेत, फक्त ती वेगवेगळ्या लोकांसाठी काढली होती. राक्षसाच्या तोंडाचं जे आहे (नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, विचकलेलं तोंड, खिडक्या म्हणजे वटारलेले डोळे, वर काळा धूर) ते साधारण 1854 चं, नागासाकीकडचं चित्र. पेरी नागासाकीला गेलाच नव्हता, जपानी अधिकारी त्याला सांगत होते की परदेशी लोकांनी नागासाकीला जायचं असतं आणि तो अडून बसला की मी इथेच, एदोच्या (आजच्या टोकियोच्या) तोंडाशी थांबणार. म्हणजे चित्र जिथलं आहे तिथे ती जहाजं आलीच नव्हती. अशी चित्रं आणि कावाराबान, म्हणजे परवानगीशिवाय छापून रस्त्यावर विकायचे बातमीचे कागद, सामान्य लोक घ्यायचे. त्यात पेरीला लांब नाक आणि जाड भुवया देऊन तेंगू (डोंगरातलं एक भूत) करून टाकलंय, आणि 'निळे डोळे' एवढंच ऐकलेलं असल्यामुळे काही ठिकाणी बुबुळाऐवजी डोळ्याचा पांढरा भागच निळा रंगवलाय.

लांब गुंडाळी मात्र अधिकाऱ्यांसाठी. आपल्याकडे जुन्या जन्मपत्रिका कशा लांब कागदावर लिहून गुंडाळून ठेवायचे, तशी जपानी एमाकी. उंची साधारण वीतभर किंवा थोडी जास्त, लांबी कित्येक मीटर, उजवीकडून सुरू करून डावीकडे उलगडत जायचं आणि बघून झालेला भाग उजव्या हाताने परत गुंडाळत राहायचा, म्हणजे एका वेळी डोळ्यासमोर दोन-अडीच फूटच. म्युझियममध्ये आख्खी पसरून काचेखाली ठेवतात त्यामुळे हे कळत नाही, पण चित्रकाराने ते दोन-अडीच फूट धरूनच आखलेलं असतं, आधी समुद्र, मग छोट्या होड्या, आणि हात पुढे सरकला की अचानक काळी भिंत यावी तसं जहाज.

आता ते जहाज बघून लोकांना काय वाटलं असेल याचा जरा विचार करा. 8 जुलै 1853 ला एदोच्या उपसागराच्या तोंडावरच्या उरागा गावासमोर चार जहाजं आली, त्यातली सस्क्वेहाना आणि मिसिसिपी ही दोन वाफेवर चालणारी, बाजूला मोठाली चाकं, आणि प्लिमथ व साराटोगा शिडाची. सस्क्वेहानाची लांबी साधारण 78 मीटर. जपानी लोकांच्या डोळ्यासमोर मोठं जहाज म्हणजे सेन्गोकुबुने, एक डोलकाठी, एक शीड, हजार कोकू म्हणजे साधारण 150 टन तांदूळ नेणारं. आणि ही आगबोट वाऱ्याची वाटच बघत नाही, वारा समोरून असला तरी येते. माझं ठाम मत आहे की गुंडाळ्यांमध्ये ते बाजूचं चाक इतकं मन लावून, एक-एक पातं मोजून काढलंय ते यामुळेच. तोफा त्यांनी आधी पाहिल्या होत्या, वाऱ्याविरुद्ध जाणारं तारू नव्हतं पाहिलं.

म्हणून या चित्रांकडे मी तरी आधी रिपोर्ट म्हणून बघतो. बाजूला जे बारीक अक्षर असतं त्यात लांबी-रुंदी केन आणि शाकुमध्ये (केन म्हणजे साधारण 1.8 मीटर, शाकु म्हणजे फूटभर), तोफा किती, माणसं किती असं दिलेलं असतं. 1854 च्या फेब्रुवारीत पेरी जास्त जहाजं घेऊन परत आला आणि योकोहामाला बोलणी झाली तेव्हा किनाऱ्यावर पहारा द्यायला मात्सुशिरोच्या सरदाराचे लोकही होते, आणि त्यांच्यात ताकागावा बुन्सेन आणि हिबाता ओसुके हे चित्रकार होते. त्यांनी जागेवर स्केचेस केली, गणवेश, बंदुका, बँडची वाद्यं, जेवणाचं टेबल, आणि अमेरिकेने भेट दिलेलं ते छोटं, खऱ्याच्या एक चतुर्थांश आकाराचं रेल्वे इंजिन. इंजिन गोल रुळावर पळवून दाखवलं तेव्हा डब्यात माणूस मावेना म्हणून एक जपानी अधिकारी टपावर बसला आणि त्याचे झगे वाऱ्यावर उडत होते, हे अमेरिकन बाजूच्या अहवालातच लिहिलंय. 31 मार्च 1854 ला कानागावाचा तह झाला, शिमोदा आणि हाकोदाते ही बंदरं उघडली, आणि शिमोदातही खलाशी गावात फिरताना, दारू पिताना वगैरेची गुंडाळी निघाली.

मग एका स्केचवरून दुसरी प्रत, तिच्यावरून तिसरी. प्रत्येक सरदाराला माहिती हवी होती आणि हाताने नक्कल करण्याशिवाय उपाय नव्हता. त्यामुळे 'बघून की ऐकून' याला तिसरं उत्तर आहे, बघितलेल्याची नक्कल बघून. ओळखायची एक सोपी खूण सांगतो, झेंडा बघा. तेव्हा अमेरिकेच्या झेंड्यावर 31 तारे आणि 13 पट्टे होते. पट्टे सात-आठच असतील, तारे ठिपक्यांसारखे टाकले असतील, तर तो हात बहुतेक झेंड्याजवळ गेलेला नाही.

हे पेरीपासून सुरू झालं असं मात्र समजू नका. मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते 1830 चं प्रकरण. ऑगस्ट 1829 मध्ये टास्मानियात कैद्यांनी सायप्रस नावाचं जहाज बळकावलं आणि भटकत भटकत जानेवारी 1830 ला शिकोकू बेटावरच्या मुगी गावासमोर आले. 1825 पासून हुकूमच होता की परकं जहाज दिसलं की तोफा डागून हाकला. तरी हामागुची नावाच्या एका सामुरायने कोळ्याचा वेष करून जहाजावर जाऊन सगळं बघितलं आणि रंगीत चित्रं काढली (ही गुंडाळी नाही, हस्तलिखित आहे, पण जात तीच). पाणी, लाकूडफाटा मागणारी ती माणसं, त्यांचे कपडे, आणि एक कुत्रा. कुत्र्याबद्दल नोंद अशी की तो खाण्यासाठी आणलेला वाटत नाही, पाळलेला वाटतो. तोफा डागायचा हुकूम डोक्यावर असताना हा माणूस कुत्र्याकडे एवढं निरखून बघतोय, मला हे वाचून दरवेळी भरून येतं. शेवटी तोफा डागून जहाज हाकललंच, आणि ते सायप्रस होतं हे जुळवाजुळव करून 2017 मध्ये जाहीर झालं.

आणि एक गोष्ट आपल्या जवळची आहे म्हणून सांगतो. 'कुरोफुने', काळं जहाज, हा शब्द पेरीसाठी तयार झालेला नाही. त्याच्या तीनशे वर्षं आधी पोर्तुगीज तारवं जपानला यायची, डांबराने काळी झालेली, ती मूळची कुरोफुने, आणि ती यायची गोव्याहून, मलाक्का, मकाव करत. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरला तोही गोव्याहूनच निघालेला. त्या तारवांची चित्रं गुंडाळीवर नाही तर ब्योबू म्हणजे घडीच्या पडद्यांवर आहेत. कोबेच्या म्युझियममध्ये कानो नाइझेनची सहा-सहा फळ्यांची जोडी आहे, उजवीकडे जहाज जपानला लागलेलं, कप्तानावर छत्री धरलेली, आणि डावीकडे जहाज परदेशातून निघतंय आणि तिथे हत्ती. ते बंदर काही अभ्यासक गोवा मानतात, काही मकाव. नाइझेनने दोन्ही पाहिलेली नव्हती. घरं चिनी धाटणीची, पण हत्ती आहे, म्हणून माझा कौल गोव्याला.

प्रोजेक्टसाठी एमआयटीच्या व्हिज्युअलायझिंग कल्चर्स या साइटवर जा, तिथे जपानी आणि अमेरिकन दोन्ही बाजूंची चित्रं फुकट बघायला मिळतात. पेरीबरोबर विल्हेल्म हाइने हा चित्रकार होता, त्याची चित्रं आणि जपानी चित्रं शेजारी ठेवली तर मुलीला पटकन कळेल की हाइने लांबून डोंगर, आकाश, रांगेत उभे सैनिक दाखवतो आणि जपानी चित्रकार जवळ जाऊन बटणं, बूट, टोप्या. आणि जमलं तर तिला ए-फोर कागद आडवे चिकटवून एक गुंडाळी करू दे, डाव्या टोकाला जाडसर काठी लावा, आणि जहाज तिसऱ्या कागदावर येऊ दे, आधीचे दोन नुसता समुद्र आणि होड्या.