ताणून बघू नका! जुन्या स्विमसूटबद्दल वाचकांचे प्रश्न

जुन्या कापडांच्या या सदरात एरवी शालू, पैठण्या आणि आजीच्या शाली यांचीच पत्रं येतात. गेले काही महिने मात्र विसाव्या शतकातल्या परदेशी स्विमसूटबद्दल इतकी पत्रं आली आहेत की टाळणं शक्य नाही. अमेरिकेत-इंग्लंडात राहणारी आपली मंडळी तिथल्या जुन्या बाजारांतून असे कपडे उचलतात, इथे ‘व्हिंटेज’ म्हणून ऑनलाइन वाट्टेल ते खपतं, आणि एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की वेशभूषावाल्यांना अचानक 1930 चं दशक हवं असतं. गोंधळ सगळ्यांचे तेच ते आहेत, म्हणून एकदाच सविस्तर.

‘1946 ची ओरिजिनल बिकिनी’ म्हणून मी ऑनलाइन एक बिकिनी घेतली. आतल्या लेबलवर नायलॉन आणि लायक्रा असं लिहिलं आहे. खरी असेल का? (पुणे)

नाही. लायक्राचा धागा ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 मध्ये तयार केला, तो 1946 च्या कपड्यात कुठून येणार? पैसे परत मागा.

1946 हा आकडा विक्रेत्यांना पाठ झाला आहे, कारण त्या वर्षी 5 जुलैला पॅरिसच्या मोलितोर जलतरण तलावावर लुई रेआर यांनी बिकिनी पहिल्यांदा लोकांपुढे आणली. कासिनो द पारी या पॅरिसच्या नाट्यगृहातली नर्तकी मिशलिन बेर्नार्दिनी ती घालून उभी राहिली होती, आणि कापडावर वर्तमानपत्राच्या मजकुराची छपाई होती. टू-पीस त्याआधीही होते, पण त्यांची खालची चड्डी कमरेपर्यंत यायची आणि बेंबी झाकायची. तेव्हा ‘1946’ आणि ‘ओरिजिनल’ हे शब्द शेजारी शेजारी दिसले की आधी लेबल वाचा, मग पाकीट उघडा.

जुना स्विमसूट वॉशिंग मशीनमध्ये ‘जेंटल’वर धुतला तर चालेल का?

नाही.

आणि हाताने, शाम्पूच्या पाण्यात?

कापड, धागा आणि रंग कोणी जाणत्याने पाहीपर्यंत तेही नको.

न्यू जर्सीत एका जुन्या घरातल्या सामानाच्या विक्रीत लोकरीचा काळा स्विमसूट मिळाला. पोहायला लोकर? विक्रेत्याने थट्टा तर केली नाही ना? शिवाय दोन-तीन बारीक भोकं आहेत.

थट्टा नाही. 1910 ते 1930 च्या काळात विणलेली लोकर हेच स्विमसूटचं नेहमीचं कापड होतं. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं आणि आरपार दिसतं. लोकर ओली असली तरी ऊब धरते, आणि रिब विणीमुळे थोडी ताणतेही. ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या एका विणकाम कारखान्याकडे 1913 मध्ये नौकानयन क्लबच्या एका सदस्याने गरम चड्डी मागितली. कारखान्याने स्वेटरच्या मनगटाला वापरतात त्या विणीत ती करून दिली, आणि त्यातूनच पुढे जँट्झनचे स्विमसूट आले. ते पाणी भरपूर प्यायचे, जड व्हायचे आणि खाली ओघळायचे. जुन्या फोटोंत कमरेला पट्टा दिसतो, तो निव्वळ शोभेचा नसायचा.

तुमच्या सुटावर उडी मारणाऱ्या मुलीचं लाल चिन्ह असेल तर ते जँट्झनचं. पण चिन्ह दिसलं की 1920 चं दशक, असा हिशेब करू नका. ते चिन्ह कंपनीने पुढेही वापरलं, आणि सुटा बिल्ला मिळाला तर कोणीही शिवून लावू शकतं. बिल्ल्याच्या मागचा दोरा आणि सुटाच्या शिवणीचा दोरा यांचं वय जुळतं का, ते बघायला हवं.

भोकं बहुधा कसरीची आहेत. डांबरगोळ्या टाकू नका. सुटात रबर किंवा प्लास्टिकची बटणं नसतील तर तो प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, नाहीतर दव धरेल. बटणं कशाची आहेत हे कळत नसेल तर थांबा. तुमच्या भागातल्या संग्रहालयाकडून वस्त्रसंवर्धकाचा, म्हणजे जुनी कापडं जपणाऱ्या तज्ज्ञाचा, पत्ता मिळेल, आधी त्याला दाखवा. भोकं रफू करायची घाई नको.

सुटाला पुढून छोटा घागरा असेल तर तो 1920 च्या दशकातलाच, असं आमच्या फॅशन कोर्सच्या ग्रुपवर सांगितलं. बरोबर ना?

ग्रुपवर सांगितलं म्हणून बरोबर होत नाही. घागऱ्यामागे लाजेइतकाच नियमांचाही भाग होता. वॉशिंग्टनमधल्या टायडल बेसिनवर 1922 मध्ये नियम होता की सूट गुडघ्याच्या वर सहा इंचांहून जास्त जाऊ नये. वाळूत गुडघ्यावर बसून बायकांच्या मांडीला टेप लावणाऱ्या अधिकाऱ्याचं त्या वर्षीच्या 30 जूनचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. नियम सैल झाले तसा घागरा आखडत गेला आणि पुढे नुसती समोरची पट्टी उरली. ती पट्टी मात्र 1940 आणि 1950 च्या दशकांतच काय, त्यानंतरही दिसते. त्यामुळे एकट्या घागऱ्यावरून काळ ठरवू नका. शिवण, चेन, धागा आणि लेबल एकत्र पाहावं लागतं.

आजेसासूबाई लग्नाआधी काही वर्षं इंग्लंडमध्ये होत्या. त्यांचा साटिनचा, बहुधा 1930 नंतरचा स्विमसूट पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत मिळाला. कापड अगदी नव्यासारखं चमकतं. इलॅस्टिक जरा कडक वाटतं, पण कोमट पाण्यात बुडवून थोडं तेल चोळलं की मऊ होतं, असं एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं. मुलीला तो घालून फोटो काढायचा आहे. (ठाणे)

पाणी नको, तेल नको, आणि मुलीच्या अंगात तो सूट मुळीच नको. हे पत्र वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

1931 मध्ये लास्टेक्स नावाचा धागा बाजारात आला. मधे रबराची बारीक तार आणि तिच्याभोवती सूत, रेशीम किंवा रेयॉन गुंडाळलेलं. त्याआधी स्विमसूटला ताण यायचा तो विणीतून. लास्टेक्स आल्यावर साटिनसारखं विणलेलं कापडही अंगाबरोबर ताणू लागलं आणि परत जागेवर येऊ लागलं. त्या दशकातले अंगासरशी बसणारे, चमकदार, पाठीला खोल कापलेले सूट या धाग्यामुळे शक्य झाले. उन्हात पाठ तांबूस करून संध्याकाळी तशाच पाठीचा गाऊन घालायची तेव्हा फॅशन होती.

पण रबर म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन, उजेड आणि उष्णता त्याला आतून तोडत राहतात. आधी ते चिकट होतं, मग ताठ, मग ठिसूळ. फसवणूक इथेच आहे: वरचा रेयॉन तसाच चमकत राहतो आणि आतलं रबर मेलेलं असतं. तुम्ही ‘नव्यासारखं’ म्हणता ते वरचं वेष्टण.

खात्री करायची तर सूट टेबलावर काळ्या कागदावर ठेवा आणि ताण न देता हलक्या हाताने उलटा करा. काखेच्या आणि मांडीच्या शिवणीवर भिंग धरा. गुंडाळलेल्या दोऱ्यातून पिवळट-तपकिरी टोकं बाहेर आलेली दिसतील. सूट उचलल्यावर कागदावर रव्यासारखे कण पडले असतील, किंवा हलवताना बारीक करकर ऐकू आली असेल, तर निकाल लागला. असा सूट एकदा ताणला की आतली तार जागोजागी तुटते आणि कापड कायमचं लोंबतं. गेलेला ताण परत आणणारा संवर्धक जगात नाही. तसं सांगून ‘रबर रिव्हायव्हर’चे फवारे विकणारे आहेत, त्यांना लांबूनच नमस्कार करा.

आता त्या ओळखीच्या बाईंचा सल्ला. कोमट पाण्याची ऊब ऱ्हासाला हातभारच लावते. तेलाने रबर फुगतं, मऊ वाटतं आणि आणखी लवकर जातं, शिवाय साटिनवरचा डाग जन्मभर राहतो. तांबं रबराचा शत्रू आणि पितळात तांबं असतं, म्हणून पितळी सेफ्टी पिना लावून हँगरला अडकवू नका. हँगर तर नकोच, स्वतःच्या वजनानेच तो ताणला जाईल. तलावातल्या क्लोरिनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं पत्र त्याचंच येईल, म्हणून सांगते: नाही.

आणि पोटमाळा! पत्र्याखाली मे महिन्यात काय तापमान असतं ते तुम्हाला माहीत आहे. तिथून तो आजच खाली आणा. धुऊन खळ काढलेल्या कोऱ्या मांजरपाटावर, घरातल्या सर्वांत थंड आणि अंधाऱ्या कपाटात, आडवा ठेवा. आत आम्लमुक्त टिश्यू पेपरचे सैल बोळे घाला, म्हणजे घडी बसणार नाही. प्लास्टिकची चेनवाली पिशवी, डांबरगोळ्या, वर्तमानपत्राचा कागद यांतलं काही नको. ‘दिवाळीच्या आवराआवरीत बघू’ असं लोक लिहितात. तोपर्यंत आणखी एक पावसाळा जातो आणि मग मला पुडीत भरलेल्या चुऱ्याचा फोटो येतो.

फोटो जरूर काढा, पण सुटाचा, टेबलावर ठेवून. मुलीसाठी त्याच्या मापावरून नवा शिवून घ्या. चांगला टेलर मूळ सुटाला ताण न देता, वरून टेप धरून माप घेऊ शकतो. त्याआधी एकदा वस्त्रसंवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

जुना धागा जाळून बघितला की लोकर, सूत, नायलॉन ओळखता येतं म्हणे. करून पाहू का?

तुमच्याकडे एकच सूट असेल तर त्यातला धागा जाळायला का काढता? शिवाय त्या काळच्या काही बकला आणि बटणं सेल्युलॉइडची असतात, ती भडकन पेटतात. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू न जाळता ओळखता येतो. तिथे न्या.

एकांकिकेत 1938 चा काळ आहे, एक प्रवेश तलावाकाठी. ‘ब्रह्मचारी’मधल्या मीनाक्षी शिरोडकरांसारखा स्विमसूट हवा. खरा जुना भाड्याने मिळेल का?

मिळाला तरी घेऊ नका. रंगमंचावरचे दिवे, घाम आणि दोन प्रवेशांमधली घाईची बदलाबदल, यात तो टिकणार नाही आणि भाड्याहून भरपाई मोठी होईल. मास्टर विनायकांच्या त्या चित्रपटात ‘यमुनाजळी खेळू खेळ’ या गाण्यात मीनाक्षीबाई स्विमसूटमध्ये दिसल्या आणि केवढा गहजब झाला! तेव्हा तुमच्या प्रेक्षकांतले जाणते लोक तपशील बघणार. गाणं पाहा, थांबवून पाहा, आणि तसाच शिवा. आजचं चकाकतं लायक्रा घेतलं की काळ तिथेच मोडतो, मंद पोताचं जाड होजियरी घ्या. पायाची कड आडवी कापा. मांडीच्या वर चढत जाणारी कापणी 1980 च्या आसपासची, ती 1938 मध्ये दिसली की हसू येतं. कापायच्या आधी वेशभूषेच्या जाणकाराला एक नमुना दाखवून घ्या.

अॅनेट केलरमन हिला 1907 मध्ये बोस्टनजवळच्या रिव्हियर बीचवर वन-पीस घातला म्हणून अटक झाली होती ना?

ही हकिगत ती स्वतः सांगायची. शोधणाऱ्यांना त्या वेळच्या बातम्यांत किंवा कोर्टाच्या कागदांत तिचा मागमूस मिळालेला नाही. वन-पीस रूढ होण्यात या ऑस्ट्रेलियन जलतरणपटूचा वाटा मोठा आहे, त्यासाठी अटकेची गरज नाही.

कॅलिफोर्नियात एक विक्रेता ‘कॅटालिना’चा सूट दाखवतो आहे. पहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेतला आहे म्हणतो, आणि त्या स्पर्धेत भारताच्या इंद्राणी रहमान होत्या म्हणून मला घ्यावासा वाटतो.

गोष्टीतला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच ती खपते. 1951 ची मिस अमेरिका योलांड बेटबीझ हिने स्विमसूटमध्ये फिरून जाहिरात करायला नकार दिला. मिस अमेरिका स्पर्धेची प्रायोजक असलेली कॅटालिना ही स्विमसूट कंपनी चिडली, तिने वेगळी चूल मांडली, आणि 1952 मध्ये लाँग बीचला मिस युनिव्हर्स भरली. इंद्राणी रहमान त्यात होत्या, हेही खरं. पण कॅटालिना ही दुकानादुकानांतून माल विकणारी कंपनी होती. लेबल कंपनी सांगतं, कोणी घातला ते सांगत नाही. स्पर्धेतलं छायाचित्र, पत्र, पावती असं काही आहे का ते विचारा. नसेल तर साध्या जुन्या कॅटालिनाची किंमत द्या, कथेची नको.

लेबलवर ‘आरएन’ (म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक) आणि आकडा असेल तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या यादीत तो शोधता येतो. त्यावरून कंपनी कळते, शिवल्याचं वर्ष नाही. कापड कसं धुवायचं याच्या सूचना शिवलेल्या असतील तर सावध व्हा, अमेरिकेत त्या 1972 पासून सक्तीच्या झाल्या. मोठी रक्कम असेल तर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मूल्यांकनकाराकडून लेखी मत घ्या.

लेबलवर साइझ 14 आहे. मला आजचा 14 बसतो. घेऊ?

नको. तेव्हाचे आकडे आजच्याहून लहान. छाती, कंबर आणि खांद्यापासून खाली घेरापर्यंतची मापं इंचांत मागवा.

1950 च्या सुटातले छातीचे फोमचे कप चिकट झालेत, वास येतो, शेजारचं कापड पिवळं पडलंय. काढून टाकू का?

स्वतः उसवू नका. फोम सुटताना कापडाचा थर बरोबर घेऊन येतो. सूट इतर कपड्यांपासून आजच वेगळा करा, कपांना सिलिकॉन लावलेला कागद सैलसर टेकवून ठेवा, हातमोजे घाला, आणि याच आठवड्यात संवर्धकाला फोन करा. पुढच्या महिन्यात नव्हे.