भिंतीत उगवलेले रोप आणि चित्रकलेतील करिअर

प्रश्न : माझे शालेय शिक्षण संपत आले आहे आणि मला चित्रकलाच शिकायची आहे. खिडकीतून दिसणारी जुनी भिंत, तिच्या फटीत उगवलेले रोप, नाल्याकाठचे गवत, विजेच्या तारांवरचे पक्षी अशीच चित्रे मी काढते. शिक्षक म्हणतात, निसर्गचित्रे काढायची तर शहराबाहेर जा, नाहीतर सरळ शहरच काढ. यावर पोट कसे भरणार, ही आईबाबांची काळजी आहे. मी काय करावे?

उत्तर : तू पत्रासोबत पाठवलेल्या चित्रांपैकी त्या रोपाचे चित्र मी बराच वेळ पाहत होतो. मुळे विटांवर कशीही न पसरता सांध्यांतल्या चुन्याचा माग काढत खाली गेली आहेत आणि गळक्या पाइपापाशी त्यांचे जाळे दाट झाले आहे. हे समोर बसून पाहिल्याशिवाय कोणाला काढता येत नाही. म्हणूनच शहर किंवा निसर्ग यांतले एकच निवड, हा सल्ला मला पटत नाही. ही दोन्ही जिथे एकमेकांना भिडतात ती जागाच तुझा विषय आहे.

जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराने वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८८४ मध्ये पूर्ण केलेल्या एका चित्रात सेन नदीच्या काठी विसावलेली माणसे आहेत आणि मागे पॅरिसजवळच्या क्लिशीतील कारखान्यांची धुराडी आहेत. त्या वर्षीच्या सॅलोंने, म्हणजे पॅरिसच्या प्रतिष्ठित कलाप्रदर्शनाने, ते नाकारले. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याची पूर्वतयारी : लहान लाकडी फळ्यांवर दहाहून अधिक रंगीत टिपणे, आकृत्यांची स्वतंत्र रेखाटने, आणि त्यानंतर स्टुडिओत तब्बल तीन मीटर रुंदीचा कॅनव्हास. योझेफ बॉइस या जर्मन कलावंतांनी तर १९८२ मध्ये जर्मनीतील कासेल शहरात ७००० झाडे लावण्याचे काम हाती घेतले, तेही प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक दगड रोवून. ते काम त्यांच्या निधनानंतर, १९८७ मध्ये पूर्ण झाले. झाड वाढते, दगड तेवढाच राहतो, आणि त्यामुळे ती कलाकृती आजही बदलते आहे.

तूही एकच जागा निवड आणि वर्षभर तिच्याकडे परत परत जा. प्रत्येक रेखाटनाखाली तारीख, वेळ, उजेडाची दिशा आणि मागच्या वेळेपासून काय बदलले ते दोन ओळींत लिही. प्रवेशासाठी पोर्टफोलिओ पाहणाऱ्यांना निवडक तयार चित्रांइतकीच स्केचबुकेही पाहायची असतात, कारण विद्यार्थी विचार कसा करतो हे तिथेच दिसते.

आता आईबाबांच्या काळजीविषयी. ती रास्त आहे. केवळ चित्रे विकून घर चालायला बहुतेकांना बरीच वर्षे लागतात, आणि तोवर शिकवणे, पुस्तकांसाठी चित्रे काढणे, भित्तिचित्रांची कामे घेणे असा जोडधंदा करावा लागतो. वनस्पतींचे शास्त्रशुद्ध चित्रण हेही एक क्षेत्र आहे. त्यात पानाच्या शिरा आणि फुलाचे भाग मोजूनमापून काढावे लागतात, आणि तुझी नजर त्याला साजेशी आहे. लँडस्केप आर्किटेक्चरचा विचार मात्र नीट करूनच कर. उद्याने, नदीकाठ, रस्त्यांकडेची झाडी यांची रचना करणारा हा व्यवसाय आहे, पण त्यात चित्रकलेबरोबर मातीचे गुणधर्म, पाण्याचा निचरा, जमिनीचे चढउतार आणि खर्चाचे हिशेब रोजचे असतात. त्यांत तुला गोडी वाटत असेल तर जरूर जा. घरच्यांना ते सुरक्षित वाटते एवढ्याच कारणासाठी जाऊ नकोस.

एक काम आजपासून सुरू करता येईल. ती भिंत जुनी आहे, कधीतरी तिची डागडुजी होईल आणि रोप उपटले जाईल. त्या दिवशी वही बंद करू नकोस. गिलाव्यावर राहिलेल्या मुळांच्या खुणाही काढून ठेव.