बालीच्या पश्चिमेला मेडेवी गावात समुद्राजवळ जमीन घेऊन राहावं का?

तुम्ही लिहिलंय की मेडेवी अजून फारसं कुणाला माहीत नाही, जमीन स्वस्त आहे आणि ओळखीतला एक स्थानिक माणूस त्याच्या नावावर घेऊन द्यायला तयार आहे, तर घ्यावी का. ते शेवटचं वाचलं म्हणून लिहायला बसलो. एरवी मी इथे नुसता वाचक आहे.

त्याच्या नावावर घेऊ नका. झालं उत्तर. आता का ते सांगतो.

पश्चिम जावात पुरवाकार्ताच्या एका सूतगिरणीत मी अकरा वर्षं काढली. २०१६ साली आमचे साडू सहकुटुंब आले, बाली बघायला म्हणून. दक्षिणेची गर्दी बघून दोन दिवसांत वैतागले, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, चला माझ्या गावाकडे, मेडेवीला. देनपासारहून गिलिमानुक बंदराच्या रस्त्याने दोन-अडीच तास. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला नारळ, खाली काळी वाळू, आणि समुद्र आपल्या गुहागरसारखा रागावलेला. साडू गाडीतून उतरले आणि तिथेच म्हणाले, "इथे घ्यायची."

ड्रायव्हरने दोन तुकडे दाखवले, एकमेकांना लागून. तिकडे जमीन 'आरे'वर मोजतात. आपल्या सातबाऱ्यावरचा तोच आर, शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ गुंठाच. त्यामुळे हिशेब आम्हाला पटकन समजला. कायदा मात्र मलाच समजला होता, कारण गिरणीतल्या एकाचे हात आधीच पोळले होते. इंडोनेशियाचा १९६० चा जमीन कायदा परदेशी माणसाला पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', देतच नाही. मी शेजारच्या शेतकऱ्याकडून चार आर पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतली. नोटरीसमोर सह्या, सगळं भाडं आगाऊ.

साडूंनी ड्रायव्हरच्या नावावर सहा आर विकत घेतली. कर्जाचा करार, कुलमुखत्यारपत्र, 'पैसे खरे यांचे आहेत' असं एक पत्र, अशी सगळी चळत करून घेतली. परतीच्या विमानात मला म्हणाले, "तुम्ही नोकरदार माणसं, जन्मभर भाडंच भरणार." मुळशीला शेतकरी दाखला नसताना कुणाच्यातरी नावावर शेतजमीन घेऊन ते सुखरूप सुटले होते. माणूस एकदा सुटला की त्याला तो स्वतःचा हुशारपणा वाटतो. हे वाक्य मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे, तेव्हा चोरून लिहितोय असं समजू नका.

२०१९ च्या जानेवारीत ड्रायव्हर गेला. छातीत दुखलं, नेगाराच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

महिनाभराने साडू आणि मी त्याच्या घरी गेलो. भेटायला, आणि खरं सांगायचं तर जमिनीचं विचारायलाही. त्याच्या बायकोने ओट्यावर चटई टाकली, कॉफी दिली. तिथली कॉफी गाळत नाहीत, गाळ खाली बसेपर्यंत थांबावं लागतं. साडू थांबले नाहीत, दातांत रवा घेऊनच बोलायला लागले. मी दुभाषा. तिने सगळं ऐकलं, आत गेली आणि कापडात गुंडाळलेली पिशवी घेऊन आली. त्यात हिरव्या मुखपृष्ठाचं प्रमाणपत्र. तिने नावाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि नवऱ्याचं नाव हळूहळू वाचून दाखवलं. मग आमच्याकडे बघितलं, अगदी साध्या चेहऱ्याने, म्हणजे यात विचारायचं काय आहे.

ती लबाड नव्हती, हे मुद्दाम लिहितो. नवऱ्याने तिला सांगितलंच नव्हतं. मुखत्यारपत्र त्याच्याबरोबरच मेलं होतं. आणि कोर्टात जायची सोय नव्हती, कारण त्याच कायद्याचं २६ वं कलम म्हणतं की परदेशी माणसाला आडमार्गाने मालकी देणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे 'जमीन माझी आहे' हे सिद्ध करायला जावं तर दोघांच्याही हातून जाणार. मोठा मुलगा क्रूझवर कामाला होता, तो सुट्टीवर आल्यावर माणुसकीने वागला. म्हणाला, काकांना हवी तर हीच जमीन पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देतो, भाव कमी लावतो. साडू उठून गाडीत जाऊन बसले. स्वतःच्या जमिनीचं भाडं कोण भरतं?

बेनामीला तिकडे 'नॉमिनी' म्हणतात आणि दलाल ते इतक्या सहज सुचवतात, जणू फॉर्मातला एक रकाना आहे. सगळे करतात, हे खरंच आहे. बुडालेले सांगत नाहीत, एवढंच.

बाकी गावाबद्दल. हमरस्ता गावातून जातो आणि जावाच्या बोटीकडे जाणारे ट्रक रात्रभर धडधडतात, तेव्हा 'शांत गाव' हे रस्त्यापासून किती आत यावर ठरतं. काळ्या वाळूत गोटेच गोटे, किनारा पोहण्याचा नाही. तिथे डावीकडे फुटणारी लांब लाट असते, तिच्यासाठी सर्फिंगची फळी घेऊन पोरं येतात, तेवढंच पर्यटन. मुसलमान वस्ती जुनी, पहाटे अजान आणि देवळातला घंटानाद दोन्ही ऐकू येतं. सुगीनंतर रेड्यांच्या शर्यती लागतात, मकेपुंग म्हणतात, आमच्या साताऱ्याच्या मेहुण्याने बघितल्या तर परत येणार नाही. न्येपीच्या दिवशी, म्हणजे बालीतल्या हिंदूंच्या मौनाच्या नववर्षदिनी, घराबाहेर पडायचं नाही, दिवा लावायचा नाही, विमानतळ बंद, मोबाइलचं नेटसुद्धा बंद. मला तो वर्षातला सगळ्यात चांगला दिवस वाटतो, बायकोला तुरुंग.

गुंतवणूक म्हणाल तर मला त्यातून एक पैसा सुटलेला नाही. दोन खोल्या बांधल्या, वर्षातून दोनदा साठ-साठ दिवस राहतो (तीस दिवसांचा आगमन व्हिसा, एकदा वाढवून तीस). पर्यटकांना भाड्याने द्यायचं तर तो धंदा झाला, त्याला कंपनी लागते आणि कागदावर दहा अब्ज रुपियांची गुंतवणूक दाखवावी लागते. गिलिमानुक ते मेंगवी टोल रस्ता होणार म्हणून भाव वाढतील असं तुम्हाला सांगितलं असेल. २०२२ साली मेडेवीजवळच्या पेकुतातानला त्याचं भूमिपूजन झालं आणि मग काम अडकून पडलं. त्याच्या भरवशावर एक आरही घेऊ नका.

भाडेपट्टा केलात तर भाड्यावरचा दहा टक्के कर कोण भरणार ते करारात लिहा, वाट कुणाच्या शेतातून जाते ते बघा, आणि भरतीच्या रेषेपासून शंभर मीटरच्या आतलं काही दाखवलं तर हसून निघा. घर तिथे बांधता यायचं नाही.

आणि हो, माझंही सगळं बरोबर झालंय असं नाही. मुदत २०४१ ला संपते आणि वाढवताना भाव काय, हे मी करारात 'बाजारभावाने' एवढंच लिहून ठेवलंय. तेव्हा मी असलो तर म्हातारा असेन आणि मालकाचा मुलगा म्हणेल तो भाव. हे साडूंना माहीत नाही, त्यांना सांगू नका. मी वकीलही नाही, सही करण्याआधी दलालाने आणलेला नाही असा नोटरी शोधा.

गेल्या भाऊबीजेला साडूंनी पहिल्यांदा विचारलं, तो मुलगा अजून भाडेपट्ट्याने देतो म्हणतो का. मी म्हटलं, विचारून सांगतो. अजून विचारलेलं नाही.