कंबरदुखीसाठी व्हीआर हेडसेट घ्यावा का, की ते नुसतं मन रमवणं?

वडिलांची कंबर दोन वर्षं दुखतेय, हेडसेट घेतला तर फरक पडेल की पैसे पाण्यात, असं तुम्ही विचारलंय. त्याकडे येतेच. पण 'नुसतं मन रमवणं' हे शब्द वाचून राहवलं नाही. अगदी हेच शब्द मी आमच्या वॉर्डात ऐकलेत. मी अकरा वर्षं बर्न्स वॉर्डात स्टाफ नर्स होते.

नऊ वर्षांचा मुलगा होता. कढत पाण्याची बादली कलंडून मांडी आणि पोटरी भाजलेली. भाजण्याइतकंच ड्रेसिंग छळतं. चिकटलेली जाळी सलाईनने कितीही भिजवा, शेवटचा थर सुटताना जीव जातो. दुसऱ्या ड्रेसिंगपासून ट्रॉलीची चाकं वाजली की तो ओरडायला लागायचा. दोन मामा त्याला धरायचे आणि आई दाराबाहेर कानांवर हात ठेवून बसायची.

देणगीतून आलेला एक व्हीआर हेडसेट वॉर्डात होता, म्हणजे डोळ्यांवर बांधला की चहूकडे खोटं जग दाखवणारा मोठा चष्माच. परवानगी काढून मी तो त्याला लावला. समुद्राच्या तळाशी मान वळवून मासे शोधायचे, एवढाच खेळ. दुखण्याचं इंजेक्शन नेहमीचंच दिलं. मी बघत होते त्याच्या पायाच्या बोटांकडे. पोरं दात आवळून गप्प राहतात, पण बोटांवरून सगळं कळतं. आधीच्या ड्रेसिंगला ती आत वळून पांढरी पडायची. त्या दिवशी पोटरीवरची जाळी सोडवताना एकदा आखडली आणि पुन्हा सैल झाली. शेवटचा तुकडा ओढायला घेतला तर म्हणाला, "सिस्टर, हळू, कासव पळेल." एरवी पाऊण तास लागायचा, तेव्हा २५ मिनिटांत पट्टी बांधून झाली. मामांना हात लावावा लागला नाही.

मोठे डॉक्टर म्हणाले, "मन रमवलंत, दुखणं तिथेच आहे. पोरं रडतातच." तेव्हा मी गप्प बसले. नंतर 'हरवला तर कोण भरणार' म्हणून हेडसेट कपाटात गेला आणि किल्ली ऑफिसात.

दुखणं जाणवायलाही लक्ष लागतं, आणि लक्ष दुसऱ्या जगात गुंतलं की दुखण्याच्या वाट्याला ते कमी येतं. अमेरिकेत सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी १९९६ पासून भाजलेल्या रुग्णांसाठी यावर काम सुरू केलं. त्यांच्या 'स्नोवर्ल्ड'मध्ये रुग्ण बर्फाच्या दरीत पेंग्विनांवर गोळे मारतो आणि इकडे जखम साफ होते. २००४ साली त्यांनी निरोगी माणसांना सोसवेल इतका चटका देऊन एमआरआयमध्ये मेंदू पाहिला. हेडसेट लावलेला असताना वेदनेशी संबंधित भागांतली हालचाल कमी झालेली दिसली. म्हणजे दुखणं 'तिथेच' नव्हतं, डॉक्टरसाहेब.

आता कंबर. ड्रेसिंगचं दुखणं अर्ध्या-पाऊण तासाचं, तुमच्या वडिलांचं दोन वर्षांचं, त्यामुळे मासे दाखवून भागणार नाही. अमेरिकेत औषधं आणि उपचारांची उपकरणं तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये 'ईझव्हीआरएक्स' नावाच्या हेडसेटवरच्या उपचाराला जुनाट कंबरदुखीसाठी मान्यता दिली. ८ आठवडे, ५६ सत्रं, एकेक २ ते १६ मिनिटांचं. श्वास, अंग सैल सोडणं, दुखण्याकडे लक्ष कसं द्यायचं याचा सराव. तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि बाकीचे उपचार चालू ठेवून. दुकानातला हेडसेट आणून त्यावर डायनोसॉर बघून कंबर बरी होईल, असं धरून चालू नका.

आणखी एक, पायाला मुंग्या येत असतील, ताकद कमी वाटत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर खरेदी राहू द्या, आधी डॉक्टर गाठा. फिट येत असेल, लगेच गरगरत असेल तरी हेडसेट विचारूनच. चेहरा भाजलेला असेल तर पट्टा बांधायचाच नाही.

औषध मात्र हेडसेटच्या नावाखाली कमी करू देऊ नका. एकदा एक डॉक्टर म्हणाले, "आज हेडसेट आहे ना, मग इंजेक्शन कशाला?" मी ट्रॉली मागे घेतली आणि इंजेक्शन आल्यावरच हात लावला. तुमच्या ओळखीतलं कुणाचं पोर भाजून दाखल असेल, तर ड्रेसिंगआधी दुखण्याचं औषध दिलंय का आणि किती वेळ झाला, हे रोज विचारा. 'पोरं रडतातच' असं उत्तर मिळालं तर तिथून हलू नका.