करारातला आकडा

प्रिय मुली,

संघटनेच्या अभ्यास केंद्रात तू रुजू झालीस, याचा मनापासून आनंद झाला. रबाळे-महापेच्या कामगारांचे हिशेब मांडायला शिकलेली माणसं फार कमी येतात.

तुझ्या हातात आता जुने वेतनकरार येतील. त्यांतलं महागाई भत्त्याचं कलम आधी वाच. मूळ पगारातली वाढ सगळ्यांना दिसते, गेट मीटिंगमध्ये टाळ्याही तिलाच पडतात. पण पुढची काही वर्षं पैसा येतो किंवा गळतो तो या कलमातून. भत्ता किमतींच्या निर्देशांकाला 'प्रति अंक इतके रुपये' असा बांधलेला असेल तर अंक कुठल्या मालिकेचा, ते बघ. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचं पायाभूत वर्ष (ज्या वर्षीच्या किमती १०० धरतात ते) आधी २००१ होतं. सप्टेंबर २०२० पासून २०१६ झालं. जोडणीचा गुणक २.८८, म्हणजे नवा एक अंक जुन्या २.८८ अंकांइतका. जुन्या करारात अंकामागे ५ रुपये असतील, तर नव्या मालिकेत १४ रुपये ४० पैसे हवेत. मसुद्यात मालिका बदलली आणि दर तसाच राहिला, तर प्रत्येक अंकामागे ९ रुपये ४० पैसे गेले. सही झाल्यावर ते परत मिळवणं महाकठीण. वाटाघाटीला बसणारे आपले प्रतिनिधी फिटर असतात, ऑपरेटर असतात, पाळी संपवून आलेले असतात. ही बारकाई त्यांच्यासाठी आपणच करायची.

निर्देशांकही डोळे झाकून घेऊ नकोस. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी निर्देशांकच चुकीचा आहे म्हणून आंदोलन केलं. सरकारला प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली आणि निर्देशांकातले दोष समितीने मान्य केले. रस्त्यावरच्या मोर्च्याइतकंच तिथे वहीत टिपलेल्या बाजारभावांनी काम केलं, असं मी मानते. आज ठाणे हे या निर्देशांकाचं स्वतंत्र केंद्र आहे. पण नव्या मालिकेत खाद्यपदार्थांचा देशपातळीवरचा भार, म्हणजे शंभरातला वाटा, ४६.२ वरून ३९.१७ वर आला आहे. दिघ्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या घरी ताटावर किती खर्च होतो, ते या सरासरीतून कळणार नाही. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी घरी जाऊन घर चालवणाऱ्या बाईशी बोलावं लागतं. किराण्याची उधारी, सिलिंडर, क्लासची फी, गावी पाठवलेले पैसे, सगळं विचार. पगारचिठ्ठी मागशील तेव्हा अनेकांकडे ती नसेलच. तीही नोंद कर.

मागणीपत्रासाठी गरजेवर आधारित वेतन काढशील तेव्हा १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेचं माप वापरशील: कुटुंबाचे तीन उपभोग घटक (म्हणजे कुटुंबाची गरज तीन प्रौढांइतकी धरायची), प्रौढामागे रोज २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट या कंपनीच्या खटल्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. तरीही कामगाराच्या म्हाताऱ्या आईवडिलांना त्या तीन घटकांत जागा नाही. हे मला आजही टोचतं. तुझ्या पाहणीत त्यांचा खर्च वेगळा दाखव.

कंपनीचा ताळेबंद वाचताना 'कर्मचारी खर्चा'वर थांबू नकोस. कंत्राटी माणसांचा खर्च पुष्कळदा 'इतर खर्चा'त गेलेला असतो.

एखादा नेता म्हणेल, आकडा जरा वर धर. नम्रपणे नाही म्हण. समोर कंपनीचा हिशेबनीस बसलेला असतो; त्याने एक आकडा खोटा पाडला, की उरलेले नव्याण्णव खरे आकडेही गेले. आणि त्याची किंमत नेता मोजत नाही, कामगार मोजतो. मागणी किती करायची हे नेत्याने ठरवावं, तो त्याचा अधिकार. खर्च किती येतो ते तू सांगायचं.

आणखी एक काम मनात आहे. जर्मनीतल्या कामगार संघटनांनी १९४६ साली आपली संशोधन संस्था काढली. तिच्याकडे आज वेतनकरारांचा मोठा संग्रह आहे, कोणत्या उद्योगात काय मिळालं ते काढून बघता येतं. आपल्याकडे करार प्रतिनिधीच्या घरच्या कपाटात राहतात आणि घर बदललं की रद्दीत जातात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कितीतरी कंपन्या बंद झाल्या, त्यांचे करार अजून सावरकरनगर, लोकमान्यनगरच्या घरांतून मिळू शकतील. दिवाळीनंतर मी तुझ्याबरोबर येते. कुठल्या रविवारी जमेल, ते कळव. निवृत्त मंडळींना मी आधी फोन करून ठेवीन.

तुझी,
ताई